गोठ्यातून समुद्राकडे : सागरी सस्तन प्राण्यांच्या कृमिशास्त्राची प्रस्तावना

वारणा खोऱ्यात जंत हा विषय कोणाला शिकवावा लागत नाही. म्हैस व्याली, दोन-तीन आठवड्यांत रेडकू मलूल झाले, अंगावरचे केस उभे राहिले, वास मारणारी पांढरट हगवण लागली, की घरातली जुनी माणसे डॉक्टर येण्याआधीच ‘जंत झालेत’ म्हणून मोकळी होतात आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतात. नदीकाठच्या ओल्या रानातला चारा खाणारी म्हैस खंगत गेली, दूध आटले, जबड्याखाली पाण्याची सूज उतरली, की यकृतातल्या चपट्या कृमींवर संशय जातो. 1968 मध्ये तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने इथे सहकारी दूध संघ उभा राहिला आणि पंचक्रोशीचे अर्थकारण ऊस आणि दूध या दोन पायांवर चालू लागले. अशा गावात जंतांचे नुकसान लिटरमध्ये मोजले जाते. कृमिशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

पण हे पुस्तक म्हशीचे नाही. डॉल्फिन, देवमासे, सील आणि समुद्रगाय यांच्या अंगात राहणाऱ्या कृमींचे आहे. वारणानगरहून समुद्र गाठायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरीपर्यंत जावे लागते, आणि तिथेही किनाऱ्यावर उभे राहिल्याबरोबर डॉल्फिन दिसेलच असे नाही. मग या विषयाची प्रस्तावना इथे बसून कशाला? माझे म्हणणे असे की, गोठ्यातला जंत ज्याला नीट समजला त्याने समुद्रातल्या जंताचा निम्मा अभ्यास केलेला असतो. उरलेल्या निम्म्यात मात्र गोठ्यातले ज्ञान फसवते. या विषयाची खरी गोडी तिथेच आहे.

आधी एका माणसाची ओळख करून घेऊ. थॉमस स्पेन्सर कॉबोल्ड हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कृमिशास्त्रज्ञ. आपल्या म्हशींच्या यकृतात सापडणाऱ्या कृमीला फॅसिओला जायगँटिका हे नाव त्याने 1855 मध्ये दिले, आणि तेही म्हशीवरून नव्हे, तर एका जिराफाच्या यकृतातल्या नमुन्यांवरून. तीन वर्षांनी त्यानेच पॉर्पॉइज या छोट्या दातेरी जलचराच्या यकृतातल्या कृमीचे कॅम्प्युला ऑब्लाँगा असे बारसे केले. पुढे 1876 मध्ये त्याने गंगेतला सुसू आणि इरावती डॉल्फिन यांच्या चपट्या कृमींवर निबंध लिहिला. त्याला नमुने मिळाले ते कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे प्रमुख जॉन अँडरसन यांच्याकडून, म्हणून त्यातल्या एका जातीला त्याने अँडरसनचेच नाव दिले. म्हणजे म्हशीचा कृमी आणि डॉल्फिनचा कृमी शास्त्राच्या दप्तरात नोंदवणारा हात एकच होता. भारतीय जलचर सस्तनांच्या कृमींची नोंद इतकी जुनी आहे हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

त्या काळी आणि नंतरही पुष्कळ वर्षे अभ्यासकांना वाटत होते की, डॉल्फिनच्या यकृतातले कृमी हे गुरांच्या यकृतातल्या कृमींचे सख्खे चुलतभाऊ असावेत. तसे वाटायला कारणही होते. दोघे चपटे, दोघांचा मुक्काम पित्तवाहिन्यांत, दोघांच्या आतड्याला फाटे फुटलेले. त्यातून देवमाशांचे मूळ जमिनीवरच्या, समखुरी प्राण्यांच्या कुळात आहे हे पक्के होत गेले. या कथेचा मोठा भाग आपल्याच उपखंडात घडला आहे. कच्छच्या खडकांतले आदिम देवमाशांचे जीवाश्म अशोक साहनी आणि मिश्रा यांनी 1975 मध्ये वर्णिले. जम्मूतल्या कालाकोट परिसरातून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांतून इंडोह्यूस नावाचा, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा, हरणासारखा लहानखुरा प्राणी उजेडात आला. देवमाशांचा तो जवळचा नातलग, हे 2007 मध्ये मांडले गेले. हयात प्राण्यांत पाणघोडा देवमाशाला सर्वांत जवळचा, आणि गाय, म्हैस, हरीण हे त्याच विस्तारलेल्या कुळातले. डॉल्फिनचे पोट आजही अनेक कप्प्यांचे असते. तो रवंथ करत नाही, पण गुरांचे शवविच्छेदन केलेल्या विद्यार्थ्याला ते पोट उघडल्यावर अगदीच परके वाटत नाही.

तेव्हा तर्क सरळ होता. आजा-पणजा जमिनीवरून समुद्रात गेला, तर अंगातले बिऱ्हाडही बरोबर गेले असणार. 1990 च्या दशकाच्या अखेरीस जनुकीय क्रम तपासले गेले आणि या तर्काचा एक खांब कोसळला. डॉल्फिनचे यकृतकृमी गुरांच्या यकृतकृमींचे नातलग निघाले नाहीत. त्यांचे जवळचे नाते सागरी माशांच्या आतड्यांत राहणाऱ्या कृमींशी जुळले. म्हणजे देवमाशांच्या पूर्वजांनी जमिनीवरचे चपटे कृमी वाटेत कुठेतरी गमावले आणि मासे खाऊ लागल्यावर माशांकडून नवे घेतले. त्या नव्या पाहुण्यांनी पित्तवाहिन्यांत जागा धरली आणि पुढे ते जुन्यांसारखेच दिसू लागले.

फॅसिओलाचा जीवनक्रम आठवला तर हे गमावणे अपरिहार्य होते असे दिसते. शेणातून अंडी पाण्यात, अंड्यातून निघालेली पहिली अवस्था गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत, गोगलगायीतून बाहेर पडून चाऱ्याच्या पात्यावर कवच धरून बसणे, आणि तो चारा म्हशीच्या पोटात. युरोपातल्या मेंढ्यांच्या यकृतकृमीबाबत ही साखळी लॉयकार्ट आणि थॉमस यांनी 1880 च्या दशकाच्या आरंभी स्वतंत्रपणे उलगडली. त्यात गोडे पाणी, विशिष्ट गोगलगाय आणि चरणारे जनावर, यांतली एक कडी निखळली तरी सगळे थांबते. चरणे सोडून मासे खाणाऱ्या प्राण्यापाशी हा कृमी पोचणार कसा?

आपल्या पन्नाशीपुढच्या वाचकांना याचे ढळढळीत उदाहरण ठाऊक आहे. पायऱ्यांच्या विहिरीतून पाणी भरणाऱ्यांच्या पायातून नारू निघायचा. त्यावर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवातून तो माणसात येतो एवढे कळले, पाणी गाळून प्यायला आणि विहिरींची रचना बदलायला सुरुवात झाली, आणि साखळी तुटली. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये नोंदला गेला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. समुद्रात साखळी तोडणारे कोणी नाही, त्यामुळे तिथे ती अधिक लांब आणि फाटे फुटलेली आहे. अनिसॅकिस हा डॉल्फिन-देवमाशांच्या पोटातला गोलकृमी घ्या. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात. अळी क्रिलसारख्या लहान कवचधारी जीवात शिरते, तिथून ते खाणाऱ्या माशात किंवा माकुलात, त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात, आणि अखेर डॉल्फिनच्या पहिल्या कप्प्यात पोचून प्रौढ होते. तिथे हे कृमी गठ्ठ्याने तोंड रोवून बसतात आणि त्यांच्याभोवती व्रण तयार होतात.

फुप्फुसातल्या कृमींची गोष्ट वेगळी. त्यांचे नातलग जमिनीवरच्या सस्तनांत आजही आहेत, त्यामुळे या मंडळींचे पूर्वज यजमानाबरोबरच समुद्रात उतरले असावेत, असे मानणारे अभ्यासक आहेत. वाद मिटलेला नाही. मला मात्र ही विभागणीच मोलाची वाटते. कोणता कृमी वडिलोपार्जित आणि कोणता नव्या घरात येऊन मिळवलेला, हे ठरवताना यजमानाचा सारा प्रवास वाचावा लागतो. कृमीकडे नुसता रोग म्हणून पाहणाऱ्याला हा प्रवास दिसत नाही.

आता दुधाकडे वळू, कारण इथे गोठा आणि समुद्र यांचे विलक्षण साम्य आहे. रेडकाला होणारा मोठा गोलकृमी म्हणजे टॉक्सोकारा विट्युलोरम. तो रेडकाला चाऱ्यातून होत नाही, कारण त्या वयात रेडकू चारा खातच नाही. म्हशीच्या शरीरात त्याच्या अळ्या निपचित पडून असतात. ती व्याली की त्या कासेकडे सरकतात आणि चिकातून व सुरुवातीच्या दुधातून पिल्लात उतरतात. म्हशीला स्वतःला काहीच झालेले नसते. पशुवैद्य रेडकाला दुसऱ्याच आठवड्यात जंताचे औषध पाजायला सांगतात ते याच कारणाने. अंडी दिसू लागेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो.

बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलॉफ बेटांवर फर सील हजारोंच्या संख्येने प्रजननासाठी येतात. तिथे पिल्ले रक्तक्षयाने मरत. आतड्यात अंकुशकृमी सापडे, त्याचे नाव अन्सिनॅरिया लुकासी. वाळूतल्या अळ्या पिल्लांच्या कातडीतून शिरत असाव्यात, असे साहजिकच वाटत होते. 1965 मध्ये ऑल्सेन आणि लायन्स यांनी दाखवले की, ज्यातून प्रौढ कृमी तयार होतात तो संसर्ग आईच्या पहिल्या दुधातून येतो. अळ्या मादीच्या चरबीत वाट पाहत राहतात आणि ती व्याली की दुधात उतरतात. वारणेच्या गोठ्यातली म्हैस आणि बेरिंग समुद्रातली सील, दोघींच्या अंगातल्या दोन वेगळ्या कुळांतल्या कृमींनी एकच युक्ती शोधली आहे. डॉल्फिनमध्ये तर गोष्ट आणखी आधी सुरू होते. हॅलोसर्कस या फुप्फुसकृमीचा संसर्ग जन्माआधीच, आईच्या पोटात होतो, हे बाटलीनाक डॉल्फिनच्या मृत नवजात पिल्लांच्या तपासणीतून 1991 मध्ये मांडले गेले. पहिला श्वास घेण्याआधीच फुप्फुसात कृमी!

या कृमींनी आरोग्याचे नेमके काय होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. काही उत्तरे ठाम आहेत. फिन व्हेल या प्रचंड देवमाशाच्या मूत्रपिंडात क्रॅसिकॉडा बूपिस नावाचे लांबच लांब गोलकृमी राहतात. 1980 च्या दशकात लॅम्बर्टसेन यांनी उत्तर अटलांटिकमधील शिकार केलेले देवमासे तपासले तेव्हा बहुतेक सगळे बाधित निघाले. मूत्रपिंडाच्या शिरांना सूज, अडथळे, आणि तरुण प्राण्यांत मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता, असे चित्र त्यांनी मांडले. याच वंशातले कृमी डॉल्फिनच्या कवटीतल्या पोकळ्यांत राहतात आणि हाड पोखरतात. हाडावरची खूण मांस कुजून गेल्यावरही टिकते. म्हणून 1980 मध्ये पेरिन आणि पॉवर्स यांना संग्रहालयातल्या कवट्यांवरून हिशेब मांडता आला. पूर्व पॅसिफिकमधल्या ठिपकेदार डॉल्फिनच्या नैसर्गिक मृत्यूंपैकी 11 ते 14 टक्के या कृमीमुळे होत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. मेलेल्या प्राण्यांच्या कवट्यांतून जिवंत कळपाचे आरोग्य वाचण्याचा हा प्रयत्न मला या शास्त्रातला सर्वांत चतुर वाटतो. नॅसिट्रेमा हा चपटा कृमी डोक्यातल्या हवेच्या पोकळ्यांत राहतो, पण कधी त्याची अंडी मेंदूत सापडतात आणि भोवतीचा मेंदू सडलेला असतो. रिजवे आणि डेली यांनी 1972 मध्ये किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनांत हे पाहिले आणि दिशा हरवून प्राणी वाळूवर येण्यामागे हे एक कारण असू शकते, असे सुचवले.

आणि तरीही बहुसंख्य डॉल्फिन पोटात कृमी बाळगून ठणठणीत जगतात. दहा म्हशींच्या गोठ्यात सात-आठ जणींच्या अंगात थोडे थोडे जंत असतात आणि एखादीच्या अंगात बेसुमार. क्रॉफ्टन यांनी 1971 मध्ये या विषम वाटपाला गणिती रूप दिले आणि ते आज परजीवीशास्त्राचा पायाच झाले आहे. म्हणून ‘किती टक्के प्राणी बाधित’ हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. कृमी किती, कुठे, प्राण्याचे वय काय, तो आधीच कशाने खचला होता, हे विचारावे लागते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या पॉर्पॉइजांत संसर्गाने मेलेल्यांच्या चरबीत पीसीबी ही औद्योगिक रसायने अपघाताने मेलेल्यांपेक्षा जास्त आढळली. अशा वेळी मृत्यूच्या दाखल्यावर नाव कृमीचे घालायचे की कारखान्याचे?

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो तो प्राणी वाहून आल्यावर. कोकणच्या उथळ पाण्यात पाठीवर उंचवटा असलेले हंपबॅक डॉल्फिन आहेत, ज्यांना मालवणकडे गादा म्हणतात, आणि पाठीवर पर नसलेला छोटा पॉर्पॉइज आहे, ज्याचे मराठी नाव भुलगा जुन्या प्राणिग्रंथांत नोंदलेले आहे. भुलग्याच्या चीन-जपानकडच्या जवळच्या नातलगांत फुप्फुसकृमी चांगले माहीत आहेत. जून 2015 मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा जिवंत लागला आणि मेला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले, त्याला परत पाण्यात लोटण्यासाठी वन खाते, ग्रामस्थ आणि मच्छीमार झटले, तरी ते वाचले नाही. अशा वेळी वर्तमानपत्रांना एक कारण हवे असते आणि कृमी सापडले की ते कारण आयते मिळते. ते तसे लिहू नये. वाहून आलेले प्राणी हे समुद्रातल्या निरोगी कळपाचा नमुना नसतात, ते आजारी आणि अपघातग्रस्तांचा नमुना असतात. शिवाय कोकणच्या उकाड्यात शव झपाट्याने कुजते आणि कृमी मूळ जागा सोडून भलतीकडे सरकतात. पोटातला कृमी घशात सापडला म्हणून प्राणी गुदमरून मेला असे होत नाही.

हे सर्व प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वन खात्याच्या परवानगीवाचून शवाला हात लावता येत नाही, आणि लावूही नये. हातमोजे, मुखपट्टी यांत हयगय नको. म्हैस गाभडली की आपण ब्रुसेल्लाची शंका घेतो. त्याच वंशाचे जिवाणू समुद्री सस्तनांतही आहेत, आणि 1997 मध्ये ते सीलच्या फुप्फुसकृमीच्या अंगातच आढळले.

मासेखाऊ वाचक एव्हाना अस्वस्थ झाला असेल, म्हणून सांगून टाकतो. अनिसॅकिसची अळी माणसाला बाधू शकते हे नेदरलँड्समध्ये व्हान थील यांनी 1960 मध्ये दाखवले. तिथले लोक हलके खारवलेले हेरिंग कच्चेच खात. जपानातही कच्च्या माशांमुळे हा आजार नेहमीचा आहे. आपल्याकडे बांगड्याचे तिखले उकळते आणि सुरमई तव्यावर भाजली जाते. 60 अंशांच्या वर अळी टिकत नाही. ज्यांना या अळीच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्यांना मेलेली अळीही त्रास देऊ शकते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

याच अळीबद्दल 2020 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. 1962 ते 2015 या काळातल्या जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तर माशांतल्या अनिसॅकिसचे प्रमाण सुमारे 283 पट वाढलेले दिसते. बातमी म्हणून हे भयंकर वाटते. पण 1986 पासून व्यापारी शिकार बहुतांशी थांबली, अनेक ठिकाणी देवमासे पुन्हा वाढू लागले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कृमी, अशी एक शक्यता त्या अभ्यासकांनीच मांडली आहे. समुद्राचे पाणी तापणे हेही कारण असू शकते. पण पहिली शक्यता खरी असेल तर बाजारातल्या माशात अळी दिसणे ही देवमासे परतल्याची खूण ठरते. गोठ्यात वाढलेल्या माझ्या मनाला हे पचवायला वेळ लागला, कारण आपल्याकडे जंत वाढणे ही कधीच चांगली बातमी नसते.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. डॉल्फिनच्या चरबीत आणि उदरपोकळीत पट्टकृमींच्या अळ्या गाठी करून बसलेल्या आढळतात. त्या डॉल्फिनमध्ये कधीच प्रौढ होत नाहीत. त्यांचे खरे घर मोठ्या मुशीच्या आतड्यात असते आणि मुशीने डॉल्फिन खाल्ला तरच ती वाट पुरी होते. आपण ज्याला शिखरावरचा शिकारी समजतो तो या कृमीच्या हिशेबी वाटेतला मुक्काम आहे.

महाराष्ट्रात या अभ्यासाची परंपरा नाही असे कोणी समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी लघवीवाटे रक्त जाणाऱ्या रुग्णांत शिस्टोसोमा हा रक्तकृमी गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये नोंदवला, आणि पुढे त्याची गोगलगायही सापडली. भारतात माणसांतल्या या रोगाचे नाव निघाले की आजही गिमवीचे नाव येते. माशांतल्या पट्टकृमींवर पश्चिम किनाऱ्याच्या संदर्भात मोठे काम केले ते जी. बी. शिंदे यांनी, आणि तेही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात बसून. परळचे 1886 चे पशुवैद्यक महाविद्यालय आणि शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय इथे गुरांच्या कृमींचे शिक्षण चालूच आहे. माशांचे कृमी एकीकडे आणि गुरांचे दुसरीकडे, असे हे दोन वर्ग आजवर शेजारी बसलेले नाहीत. समुद्री सस्तनांचा अभ्यास त्यांना एका बाकावर बसवतो.

पुढची प्रकरणे अवयवांच्या क्रमाने लावली आहेत : पोट व आतडी, यकृत, फुप्फुसे, डोक्यातल्या पोकळ्या, मूत्रपिंड. क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने यकृतापासून आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने पोटापासून सुरुवात करावी. शुक्रवारची ताजी मासळी कोल्हापूरच्या बाजारात येते तेव्हा बांगडा किंवा वाम घ्यावी आणि साफ करताना यकृताच्या आणि आतड्याच्या बाहेरची बाजू भिंगाखाली पाहावी. घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची पांढुरकी अळी दिसली तर ती चिमट्याने उचलून आधी मिठाच्या सौम्य पाण्यात धुवावी आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. बाटलीत माशाचे नाव, बंदर, तारीख आणि अवयव लिहिलेली चिठ्ठी टाकावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.